येणे बाकी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला मार्च महिना अगदी मोकळा जायला हवा. आमच्या नानांचा जात नाही. रात्रीचे साडेदहा वाजले तरी दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत दिवा जळतोय, आतून कॅल्क्युलेटरची टकटक ऐकू येतेय आणि काकू गॅलरीत खुर्ची टाकून तोंड मिटून बसल्यात, असं दिसलं की गिरगावातल्या आमच्या अख्ख्या चाळीला कळतं: इंडियन सुपर लीगचे शेवटचे चार-पाच सामने उरलेत आणि मुंबई सिटीचं घोडं कुठंतरी अडलंय. ते नेहमीच अडलेलं असतं. मुंबई पहिल्या नंबरावर असली तरी अडलेलं असतं, कारण “मागचे दोघं एकेक मॅच कमी खेळलेत, विसरू नकोस.”

फुटबॉलवेडे आपल्याकडे कमी नाहीत. पहाटे दोनला उठून मँचेस्टरसाठी डोळ्यांत पाणी आणणारी पोरं आमच्याच चाळीत चार आहेत. दंडावर मेस्सी गोंदवून घेतलेला इस्त्रीवाला आहे. नानांना या मंडळींविषयी आकस नाही. ते त्यांना ठेवीदार म्हणतात. आले, भावना ठेवल्या, निघून गेले. हिशेब ठेवायचा तो काउंटरच्या आतल्या माणसानं, आणि या देशाच्या लीगचा आतला माणूस म्हणजे आपण, अशी नानांनी स्वतःची नेमणूक करून घेतलेली आहे. नेमणुकीचं पत्र नाही, पगार नाही आणि मुख्य म्हणजे रजा नाही.

मुळात नाना बँकेत लागले तेच खेळाडूंच्या कोट्यातून. बँकेच्या फुटबॉल संघाचे तिसरे गोलकीपर. पहिला जखमी आणि दुसरा बहिणीच्या लग्नाला, असा योग हार्वूड लीगमध्ये एकदाच जुळून आला आणि त्या दिवशी पावसानं मॅच रद्द झाली. बाकीची कारकीर्द कूपरेजच्या बाकावर गेली. बाकावर बसणाऱ्या माणसाला खेळात करण्यासारखं काही नसतं, म्हणून मॅनेजरनं त्यांच्या हातात वही दिली. गोल कोणी मारला, कितव्या मिनिटाला, पंचांनी कोणाचं नाव टिपलं. ती वही त्यांनी आजतागायत खाली ठेवलेली नाही. रोव्हर्स कपसाठी मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन मुंबईत उतरायचे तेव्हा बाकीचं कूपरेज पास मोजायचं आणि नाना थ्रो-इन मोजायचे. मोहन बागानवर त्यांचा राग आहे तो तेव्हापासूनचा. कारण विचारलं तर म्हणतात, “फार जिंकायचे.”

आताची वही म्हणजे तांबड्या कापडी पुठ्ठ्याची लांबट खतावणी आहे. बँकेत संगणक आले तेव्हा कोऱ्या खतावण्या रद्दीत निघाल्या. नानांनी रीतसर अर्ज करून, रद्दीच्या भावानं पैसे भरून, पावती घेऊन त्या घरी आणल्या. पावती पहिल्या खतावणीच्या आत डकवलेली आहे. प्रत्येक संघाला एक पान: सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोल केले, गोल खाल्ले, फरक, गुण. झालेला निकाल निळ्या शाईत आणि व्हायचा निकाल पेन्सिलीत. शेवटची शिट्टी वाजल्याशिवाय नाना शाईला हात लावत नाहीत. ८९व्या मिनिटाला मुंबई तीन गोलांनी पुढं असली तरी नाही. “व्हाउचर पास झाल्याशिवाय पोस्टिंग करायचं नसतं,” हे वाक्य काकूंनी संसारात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या बोलणीतही ते एकदा येऊन गेलं.

खतावणीच्या मागच्या पानांवर मात्र खरा माल आहे. एका पानाला मथळा आहे “बुडीत खाती”. मफतलाल, ऑर्के मिल, महिंद्र युनायटेड. महिंद्रनं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली, डेरिक परेरांच्या हाताखाली. नानांनी त्या वर्षी आयुष्यात प्रथमच ऑफिसात पेढे वाटले, आणि २०१० साली कंपनीनं संघच गुंडाळला. त्याखाली एफसी पुणे सिटी, बंद २०१९, आणि समोर शेरा: “शिल्लक हैदराबाद शाखेस वर्ग.” ही काही थट्टा नव्हे. पुण्याच्या जागी त्याच वर्षी हैदराबाद एफसी आली.

त्याच्या पुढचं पान “येणे बाकी”. पंचांकडून मुंबईला येणे असलेले गुण. लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली, तेव्हापासूनची एकेक न मिळालेली पेनल्टी, एकेक चुकीचा ऑफसाइड, तारीख-वार आणि मिनिटासकट तिथं चढवलेला आहे. उगाच आरोप नाही हं. लीगच्या आरंभीचाच कोलकात्यातला पहिला सामना आपण तीन-शून्यनं हरलो, त्यात पंचांकडून येणे शून्य आहे, कारण “त्या दिवशी आपण हरण्याच्याच लायकीचे होतो.” मुंबईला पंचांच्या चुकीनं मिळालेले गुणही त्याच पानावर “देणे” म्हणून आहेत. दर मोसमाच्या शेवटी नाना दोन्हींची वजाबाकी करतात, खाली दुहेरी रेघ मारतात आणि लिहितात, “वसुलीची शक्यता: नाही. पुढे ओढले.”

अशा माणसाबरोबर मॅचला जाणं हा वेगळाच प्रकार असतो. चर्नी रोडहून अंधेरी, अंधेरीहून मेट्रोनं आझाद नगर आणि मग शहाजी राजे क्रीडा संकुल. सात-आठ हजारांचं लहानसं मैदान. एका बाजूला वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं ढोल बडवत नव्वद मिनिटं उभी. नाना त्यांच्याच मागं बसतात, कारण तिथं पुढचे सगळे उभे असल्यामुळं मैदान दिसत नाही आणि लक्ष विचलित होत नाही. त्यांच्या मांडीवर मोबाइल, मोबाइलवर ओडिशा आणि गोवा यांची मॅच. समोर मुंबईचा छांगटे उजव्या बाजूनं वाऱ्यासारखा सुटलाय, अख्खं स्टँड “ओऽऽ” करत पुढं झुकलंय, आणि मधूनच नाना टाळी वाजवतात. पोरं वळून बघतात. “भुवनेश्वरला बरोबरी,” नाना सांगतात.

बरोबरी ही नानांची सगळ्यात आवडती गोष्ट. अर्थात इतरांची. दोन प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळत असतील तर कोण जिंकावं याचा सामान्य माणूस विचार करतो. नाना म्हणतात, कोणीच नको. जिंकलं तर तीन गुण वाटले जातात, बरोबरीत दोनच. “एक गुण हवेत गेला बघ,” असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती दिसते ती मी काकूंच्या पुरणपोळीसमोरही पाहिलेली नाही. गोलशून्य बरोबरी तर त्यांना संगीत वाटते.

ढोलवाली पोरं त्यांना अंकल म्हणतात आणि मनातून घाबरून असतात. कारण मॅच संपल्यावर नाचत नाचत कोणी विचारलंच, “अंकल, आता किती लागतात?” तर नाना उत्तर देतात. आझाद नगरपासून अंधेरीपर्यंत देतात. बेंगळुरूनं चेन्नईला अडवलं तर, आणि नॉर्थईस्टनं गोव्याला अडवलं तर, पण केरळनं ओडिशाला अडवलं नाही तर. गाडी बांद्र्याला येईस्तोवर त्या पोराचा विजय पार उतरलेला असतो.

नानांचा पुरता कस लागला तो २०२३-२४ च्या मोसमात. बारा संघ, प्रत्येकी बावीस सामने. पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर आली. असं खालून चढून कोणी येण्याची ही पहिलीच वेळ. नानांनी पंजाबचं पान स्वतःच्या हातानं आखलं आणि वर लिहिलं, “डिपार्टमेंटल परीक्षा पास.” बाकीचे अकरा त्यांच्या मते थेट भरतीतले. खाली मात्र तेव्हा कोणी जात नव्हतं, हे त्यांना अजून पचलेलं नाही. त्या मोसमात हैदराबादची पगाराच्या भानगडीत दैना झाली, परदेशी खेळाडू निघून गेले, पोरासोरांना घेऊन संघानं कसाबसा मोसम काढला. बावीस सामन्यांत एक विजय, आठ गुण. आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात. “आमच्याकडं असं चालत असतं तर मी मॅनेजर झालो असतो,” नाना म्हणाले.

मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरात, मोसम ऐन रंगात असताना इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडं निघून गेले. चाळीतल्या पोरांना धक्का बसला, नानांना नाही. मुंबई सिटीची मालकी तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुपकडं होती, आणि नानांच्या डोक्यात त्याचं चित्र स्वच्छ होतं: हेड ऑफिस मँचेस्टर, शाखा जगभर. बकिंगहॅम आले मेलबर्न शाखेतून, त्यांच्या जागी पेटर क्रॅटकी आले तेही मेलबर्न शाखेतूनच. “मिड-टर्म ट्रान्सफर. चार्ज द्यायला-घ्यायला पंधरा दिवस जातात, तेवढे गुण सोडायची तयारी ठेव.”

त्याच सुमारास नेमार मुंबईत येणार म्हणून शहर वेडं झालं होतं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये त्याच्या अल हिलालशी गाठ पडली होती, नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर. नानांच्या नातवानं तिकिटं काढली, नव्या बुटांना पैसे मागितले. ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला आणि घरात सुतक पसरलं. नाना म्हणाले, “बरं झालं. त्यानं आपल्याच लोकांचे पाय तुडवले असते, आणि पुढं लीगच्या मॅचेस आहेत.” नेमारविना अल हिलाल दोन गोल मारून गेली. त्या स्पर्धेतले सहाच्या सहा सामने मुंबई हरली, पण खतावणीत त्यांचा मागमूस नाही. “परकीय चलनाचे व्यवहार आपण बघत नाही.”

आणि मग २० डिसेंबर. अंधेरीत मोहन बागान. त्या रात्री पंचांनी सात लाल कार्डं काढली. सात! चार आपली, तीन त्यांची. काही खेळ चालू असताना, काही शिट्टी वाजून गेल्यावर, कारण तोपर्यंत भांडणाला खरा रंग चढला होता. आकाश मिश्र तेराव्या मिनिटालाच बाहेर. मोहन बागान एका गोलनं पुढं. मग ग्रेग स्टुअर्टनं बरोबरी साधली, बिपिननं दुसरा मारला, दोन-एक. आयुष्यभराचं उट्टं निघालेला सामना. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस मला मिठी मारून रडत होता. नानांकडं बघितलं तर ते मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होते. नाना पिवळ्या कार्डांचं वेगळं रजिस्टर ठेवतात, कोणाची किती झाली, कोण कधी घरी बसणार. एका रात्रीत त्या रजिस्टराची पानं कमी पडली.

“नाना, जिंकलो! मोहन बागानला हरवलं!”

“हो रे. पण रविवारी कोचीला अकरा माणसं आणायची कुठून?”

चार दिवसांनी कोचीत केरळनं आपल्याला दोन-शून्यनं हरवलं. नानांनी निळ्या शाईत नोंद केली आणि मला बोलावून ती दाखवली. त्या चेहऱ्यावर दुःख होतं असं मी म्हणणार नाही. हिशेब बरोबर आलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

पण त्या मोसमात नानांची झोप उडवली ती हारीनं नव्हे, फुकट मिळालेल्या दोन गुणांनी. ८ मार्चला जमशेदपूरशी एक-एक बरोबरी झाली. निळी शाई, एक गुण, विषय संपला. मैदानावर किमान सात भारतीय खेळाडू हवेत असा लीगचा नियम आहे, आणि खेळाच्या ओघात जमशेदपूरकडून तो मोडला गेला. काही दिवसांनी फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीनं निकाल फिरवला: मुंबईला तीन-शून्य विजय, एकाऐवजी तीन गुण.

चाळीत जल्लोष. नाना पांढरे पडले. न झालेले तीन गोल लिहायचे कसे? मारले कोणी, कितव्या मिनिटाला? “मी माझ्या डोळ्यांनी एक-एक बघितलंय,” ते म्हणायचे. “कॅश मोजून घेतली, आणि आता हेड ऑफिस म्हणतं जास्त दाखवा.” तीन दिवस विचार करून त्यांनी मुंबईच्या पानावर एक नवा रकाना आखला. “प्रत्यक्ष” आणि “कागदोपत्री”. तिथून पुढं मुंबईचे दोन हिशेब चालले. मी रस्त्यात भेटलो आणि विचारलं की किती गुण झाले, तर नाना आधी इकडंतिकडं बघायचे आणि मग विचारायचे, “कुठले सांगू?”

शेवटच्या दिवसापर्यंत हे असंच. १५ एप्रिल २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक, समोर पुन्हा मोहन बागान. मुंबईचे ४७, त्यांचे ४५. बरोबरी झाली तरी लीग शील्ड मुंबईचं. आदल्या रात्री नानांनी मला जेवणावरून उठवून नेलं. प्रत्यक्ष रकान्यात मुंबईचे ४५ धरले तर? दोघं समान. उद्या बरोबरी झाली तर ४६-४६. मग परस्पर सामने बघणार. अंधेरीत आपण दोन-एक जिंकलेलो, म्हणजे तरीही शील्ड आपलंच. आणि हरलो तर दोन्ही हिशेबांत त्यांचं. “म्हणजे कळलं का तुला? ते दोन गुण असले काय, नसले काय, काडीचा फरक पडत नाही!” महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला. त्या रात्री नाना आठ तास झोपले. काकू मुद्दाम सांगायला आल्या.

दुसऱ्या दिवशी साठ हजारांवर लोकांसमोर लिस्टन कुलासोनं पहिला गोल मारला तसा मडगावहून काकूंच्या भावाचा फोन आला, “भावोजी, गोल आमच्या गोंयकारानं मारला हां.” ८०व्या मिनिटाला कमिंग्जनं दुसरा घातला. ८९व्या मिनिटाला छांगटेनं एक फेडला. आता एकाच गोलाचं काम. नानांची पेन्सिल कागदापासून दोन बोटं वर थांबली होती. मिनिटं जात होती आणि ती तिथंच होती. शिट्टी वाजली. दोन-एक. त्यांचे ४८, आपले ४७. नानांनी पेन्सिल ठेवली, शाईचं पेन घेतलं, नोंद केली, ब्लॉटिंग पेपर दाबला. मग पान उलटून “येणे बाकी” उघडलं, बराच वेळ वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, “फक्त एक वसूल झाला असता तरी चाललं असतं रे.”

आता या लीगची तेव्हा एक गंमत अशी होती की बावीस सामने खेळून पहिला येणाऱ्याला मिळायचं शील्ड, आणि त्यानंतर बाद फेऱ्या खेळून जो शेवटचा सामना जिंकायचा त्याला कप, आणि चॅम्पियन म्हणायचे ते या दुसऱ्याला. नानांना ही व्यवस्था अजिबात मान्य नव्हती. “बावीस पेपर लेखी द्यायचे आणि गोल्ड मेडल तोंडी परीक्षेवर!” त्यामुळं बाद फेऱ्यांना खतावणीत पान नाही, मागं एक कोपरा आहे. तिथं शिस्त थोडी सैल.

त्या सैलपणानंच घात केला. २४ एप्रिल, फातोर्डा, गोव्याशी उपांत्य सामन्याचा पहिला टप्पा. आधी बोरिस, मग ब्रँडन, गोवा दोन-शून्यनं पुढं. नव्वदावं मिनिट लागायच्या आतच नानांनी टीव्ही बंद केला, कोपरा उघडला आणि शिट्टी वाजायच्या आधी, चक्क निळ्या शाईत लिहिलं: “पराभव ०-२.” पेनाला टोपण लावतायत तोच फोन वाजला. मेहुणे स्टेडियममधूनच बोलत होते. मागं एवढा कल्लोळ की फोन कानापासून लांब धरला तरी मला ऐकू येत होतं.

“भावोजी, टीव्ही बंद केला ना?”

“केला.”

“मला ठाऊकच होतं. ताईला सांगा, यंदा आंबे मीच पाठवतो, तुमचं सांत्वन म्हणून. आणि हे बघा... थांबा हां जरा.” कल्लोळ थोडा उतरला. “काही नाही. एक दिला तुम्हाला. छांगटे. असू दे, लाजेपुरता.”

“असू दे,” नाना म्हणाले.

“तर मी काय म्हणत होतो, आंबे... अरे, अरे, अरे!” मग काहीच नाही. नानांनी फोन हलवून बघितला.

“ऐकताय ना?”

“विक्रम प्रताप,” मेहुणे एवढंच म्हणाले.

टीव्ही लावायला कोणी उठलं नाही. आम्ही तिघंही त्या फोनकडं बघत बसलो. चार-पाच मिनिटं मेहुण्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग पाठीमागचं अख्खं फातोर्डा एकदम गप्प झालं आणि त्या शांततेत आमच्यासारखीच मुंबईहून गेलेली दहा-वीस पोरं किंचाळताना ऐकू आली. छांगटेचाच तिसरा. दोन-तीन.

“नाना, जिंकलो!” मी ओरडलो. नाना हाताच्या तळव्यानं वहीचं पान झाकून बसले होते.

आयुष्यातली पहिली खोडाखोड. व्हाइटनर ते घरात ठेवत नाहीत. बँकेत चालत नाही. शेवटी त्यांनी पट्टी घेतली, “पराभव ०-२” वर एकच सरळ आडवी रेघ मारली, म्हणजे खालचा मजकूर वाचता यायला हवा, वर “विजय ३-२” लिहिलं, बाजूला छोटी सही केली, तारीख घातली आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची सही लागते म्हणून वही माझ्यापुढं सरकवली. मी सही केली. मेहुण्यांचे आंबे आले, पण मेअखेर आणि पिशवीत पत्र नव्हतं.

अंधेरीतला दुसरा टप्पा दोन-शून्यनं सहज झाला. ४ मेला त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानशी, अंतिम सामना. पुन्हा कमिंग्जचा पहिला गोल. मग पेरेरा दियाझ, मग बिपिन, आणि अगदी शेवटी वोइतुश. तीन-एक. मुंबई चॅम्पियन! पोरं पेढे घेऊन नानांकडं धावली. नानांनी पेढा घेतला, अर्धा मोडून काकूंना दिला, पोरांच्या पाठीवर हात फिरवला. “छान झालं. अभिनंदन. पण लीग ४८-४७ नं गेली ती गेलीच.”

यावरून नानांना दुःखच हवं असतं असं कोणाला वाटेल. माझाही काही काळ तोच समज होता, पण २०२०-२१ चं पान बघितल्यापासून मला तसं वाटत नाही. करोनात सगळी लीग गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाली होती. मुंबई आणि तेव्हाची एटीके मोहन बागान दोघांचेही ४० गुण, परस्पर सामने जिंकल्यामुळं शील्ड मुंबईला, आणि वर अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिनच्या गोलावर कपही मुंबईला. त्या पानावर काहीच खोट नाही. आणि काकू सांगतात, त्या उन्हाळ्यात नानांना अन्न जाईना. तीनदा बेरीज केली, तीनदा ताळा जुळला. डॉक्टरनं रक्त तपासलं, तेही नॉर्मल. जूनमध्ये कोणीतरी फिरवून-फिरवून सांगितलं की अंतिम सामन्यातला आपला बरोबरीचा गोल मोहन बागानच्याच तिरीनं स्वतःच्या जाळ्यात घातला होता. नाना उठून बसले. “म्हणजे तिरीचं आपण देणं लागतो!” आणि वरण-भात मागितला.

तो तिरी पुढं मुंबईकडूनच खेळू लागला. २०२४ च्या सप्टेंबरात नवा मोसम मोहन बागान-मुंबई सामन्यानं सुरू झाला तेव्हा नवव्याच मिनिटाला त्यानं स्वतःच्या जाळ्यात गोल घातला, या वेळी मुंबईच्या. दोन-शून्यनं मागं पडलो. सत्तराव्या मिनिटाला त्याच तिरीनं मोहन बागानवर एक मारला आणि शेवटच्या मिनिटाला बरोबरी झाली, दोन-दोन. चाळ डोक्यावर घेतली पोरांनी. नाना म्हणाले, “दोन गुण गेले,” आणि मग बऱ्याच वेळानं, तिरीच्या नावापुढं बरोबरची खूण करत, “हा मात्र चोख निघाला.”

२०२५ च्या जुलैत लीगच थांबली. महासंघ आणि स्पर्धा भरवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता, पुढचं ठरेना, मोसम लांबणीवर. ठेवीदार लोक पहिले आठ दिवस हळहळले आणि मँचेस्टरकडं वळले. नानांनी मात्र जूनमध्येच पानं आखून ठेवली होती. चौदावी ओळ तेवढी कोरी होती, कारण आय-लीगचा चषक आधी चर्चिल ब्रदर्सना दिला गेला आणि जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानं सांगितलं की खरे विजेते इंटर काशी. नानांनी तीही भरली, शाईत.

गणपती उठले, नवरात्र आलं, लीगचा पत्ता नाही. एके रात्री टोकाच्या खोलीत दिवा दिसला म्हणून डोकावलो. काकू नेहमीच्या जागी, गॅलरीत. नाना वहीवर वाकलेले. गुणतक्ता समोर, चौदा ओळी, सगळीकडं शून्य.

“नाना, सगळ्यांचे शून्य, मग क्रम कसा लावला?”

“वर्णक्रमानं. दुसरं काय हातात आहे?”

मी ओळींवरून नजर फिरवली. मोहन बागानच्या बरोबर वर मुंबई होती.

“अरे वा, आपण पुढं!”

“मु आधी, मो नंतर. बाराखडी बघ हवी तर.” आवाजात थोडा तोरा होता, पण थोडाच.

“ऐकलंत ना?” काकू बाहेरून म्हणाल्या. “आहात पुढं. मग दिवा घालवून झोपा आता.”

“झोपतो कसा?” नाना म्हणाले. “गोलफरक दोघांचा सारखाच आहे.”